पगारी कान

दुपारी ३.००

आज पहिली तक्रार कोंबड्याची आहे. परसात दोन-चार कोंबड्या पाळायची हौस इथं बऱ्याच जणांना असते. पिल्लं आणतात, महिन्या-दोन महिन्यांत त्यातल्या एकाला तुरा फुटतो आणि एका पहाटे तो गल्लीला जाग आणतो. हा साडेचारला आरवतो म्हणे. शेजारणीनं पत्राच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं टाकली आहेत. कोंबड्यावरचा तोडगा आमच्याकडे तयार असतो: मान वर ताणल्याशिवाय त्याला नीट आरवता येत नाही, तेव्हा रात्री त्याला बुटक्या छताच्या अंधाऱ्या खुराड्यात ठेवा आणि माणसं उठली की सोडा. मालकाला पत्र गेलं. सगळ्याच तक्रारी कोंबड्याच्या असत्या तर मी पाचला घरी असतो.

लंडनच्या ३२ बरोंपैकी एका बरोच्या कौन्सिलमध्ये मी आवाजाच्या तक्रारी बघतो. शुक्रवारची पाळी दुपारी ३ ते रात्री २. आजचा शुक्रवार ऑगस्टच्या बँक हॉलिडेआधीचा, म्हणजे सोमवारीही सुट्टी. हवा उबदार, खिडक्या उघड्या, मागच्या बागांत बार्बेक्यू. हलवायाला दिवाळी तसा आम्हाला हा शनिवार-रविवार.

इनबॉक्स चाळायचा म्हणजे आधी ‘हे आमचं नाही’ ते वेगळं काढायचं. डोक्यावरून जाणारी विमानं आमची नाहीत, रस्त्यावरची वाहतूकही नाही. १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टनं दोन्ही आमच्या अधिकाराबाहेर ठेवली आहेत. मग उरतात शेजारी. त्यातही तान्हं मूल रडतं, वरच्या मजल्यावर पोरं धावतात, कुणीतरी पहाटे पाचला कामावर जाताना जिना वाजवतं, या सगळ्याला ‘दिलगीर आहोत’चं पत्र. हे पत्र लिहिताना मला नेहमी १९९९ चा एक निकाल आठवतो. लंडनमधल्या कौन्सिलच्या जुन्या घरांतले भाडेकरू थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले होते. शेजाऱ्यांचं बोलणं, भांडण, टीव्ही, संडासात पाणी ओढणं, सगळं ऐकू येतं, जगणं नकोसं झालंय, असं त्यांचं म्हणणं होतं. लॉर्डांना त्यांची दया आली, निकाल मात्र विरोधात गेला. आपल्या घरात चारचौघांसारखा राहणारा माणूस उपद्रव करत नसतो; भिंत पातळ आहे हा काही त्याचा गुन्हा नव्हे.

भिंतीपेक्षा मला जमिनीचा राग आहे. इथली जुनी व्हिक्टोरियन घरं एका कुटुंबासाठी बांधलेली. पुढे त्यांचे वर-खाली दोन-तीन फ्लॅट झाले. मध्ये लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर जाड गालिचा, तोवर ठीक होतं. मग गालिचा जुनाट वाटायला लागला, तो उपटून लोकांनी चकचकीत लॅमिनेट टाकलं. वरच्या बाईच्या टाचा आता थेट खालच्याच्या कपाळात वाजतात. फरशी बदलायची फॅशन आली नसती तर आमच्या खात्यातली एखादी खुर्ची सहज कमी झाली असती, असं माझं खासगी मत आहे.

मी स्वतः इचलकरंजीचा. घराला लागून यंत्रमागाचा शेड होता. खडखडाट दिवसरात्र, पाळी बदलतानाही न थांबणारा. अभ्यास त्यात, जेवण त्यात, झोप त्यात. रात्री वीज गेली की माग बंद पडायचे आणि त्या शांततेनं आम्ही सगळे दचकून उठायचो. मुलाखतीत मला विचारलं होतं, या कामात रस का? मागाचं सांगितलं असतं तर बहुधा नोकरी मिळाली नसती.

दुपारी ४.००

हेडफोन लावून बसायची वेळ.

तक्रार आली की दोन्हीकडे पत्र जातं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचं नाव कळू देत नाही. तक्रारदाराला एक तक्ता जातो: दोन आठवडे लिहा, आवाज कसला, किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, तुम्हाला काय त्रास झाला. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. ‘रोज, सतत, नेहमी’ असं लिहिलेला तक्ता कोर्टात उभा राहत नाही. ‘मंगळवार, ११.४० ते १.१५, बेस, मुलगी उठून बसली’ हा राहतो. पुष्कळ तक्ते परत येतच नाहीत. काहींचा राग पंधरा दिवसांत विरतो. काहींना रोज घड्याळ बघून लिहिताना लक्षात येतं की प्रकार आठवड्यातून एकदाच होतोय. काही जण लिहिता लिहिता आणखी पेटतात. आता मोबाइलचं ॲपही निघालंय, अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून थेट पाठवता येतं. त्यात आवाजापेक्षा खिशातल्या कापडाची खसखस जास्त येते.

तक्ता दमदार असेल तर आम्ही घरी यंत्र बसवतो. पेटी, मायक्रोफोन आणि एक बटण. बसवताना आणि परत आणताना यंत्राला ९४ डेसिबलचा ठरलेला सूर ऐकवून त्याचं माप तपासायचं, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात पाडतो. मग आठवडाभराचं रेकॉर्डिंग घेऊन कुणीतरी ऐकत बसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

आज एका सत्तरीच्या बाईंचं आहे. खालून रात्रभर घरघर येते, असं त्यांचं म्हणणं. मी दोनदा जाऊन आलो, मला काही ऐकू आलं नव्हतं. आता यंत्रात बघतो तर त्यांची केटल, त्यांचा टीव्ही, त्यांचं खोकणं, आणि प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर त्यांचा आवाज. “आत्ता. हे बघा, आत्ता येतोय.” मग चार मिनिटं शांतता. बुधवारी रात्री सव्वादोनला त्या नुसतं म्हणतात, “तुम्ही हे ऐकताय ना?”

मी ऐकतोय. घरघर नाही. असेल तर ती फार खालच्या सुराची असेल, किंवा त्यांच्या कानातली. कधीकधी लांबच्या एखाद्या पंपाची गुणगुण एखाद्याच खोलीच्या एखाद्याच कोपऱ्यात जमा होते आणि तिथंच पलंग असतो, हेही घडतं. अहवालात ‘उपद्रव आढळला नाही’ लिहायला दोन मिनिटं लागतात. मी खाली आणखी एक ओळ घालतो की सोमवारनंतर पुन्हा भेट द्यावी आणि कानाच्या तपासणीचं अदबीनं सुचवावं. ही ओळ नियमात कुठं नाही.

५.१५

बांधकामवाला फोनवर. स्लॅबचं काँक्रीट ओतून झालंय, पण ते आवळेपर्यंत घोटता येत नाही आणि घोटायचं मशीन रात्री ९ पर्यंत चालवावं लागेल. इथं बहुतेक कौन्सिलांत आवाजाच्या बांधकामाची वेळ सोमवार ते शुक्रवार ८ ते ६, शनिवारी ८ ते १, रविवारी बंद. जास्त वेळ हवा तर आधी परवानगी काढायची. “आधी” हा शब्द मी तीनदा उच्चारतो. तो म्हणतो, काँक्रीटला हे सांगा.

६.३०

डब्यातली पोळी-भाजी आणि आईचा फोन. तिकडे रात्रीचे ११ वाजलेत.

“जेवलास काय?”

तिच्यामागे काहीतरी धडधडतंय. गणपती पुढच्या बुधवारी. मंडळाच्या मूर्तीचं आगमन चाललंय, आणि आगमन म्हटलं की आमच्याकडे डॉल्बी. कोल्हापूर भागात कुठल्याही कंपनीच्या भिंतीएवढ्या स्पीकरला डॉल्बीच म्हणतात. त्या कंपनीला हे ठाऊक नसावं.

“काचा हलाय लागल्यात बघ. तुझं ते मशीन असतं तर फुटलं असतं.”

“आई, दहानंतर चालत नाही ते. ११२ ला फोन कर.”

“आणि काय सांगू? पोरं ओळखीचीच हायत. उगंच नाव कशाला?”

इथं मी गप्प होतो, कारण तिचं उत्तर चुकीचं नाही. आपल्याकडचे नियम कागदावर इंग्लंडपेक्षा पक्के आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असे आकडेच दिले आहेत. रात्र म्हणजे १० ते ६ हेही दिलंय. मर्यादा १० डेसिबलनं ओलांडली की कुणीही तक्रार करू शकतो. इकडे मात्र शेजाऱ्यांच्या उपद्रवाच्या मुख्य कायद्यात एकही आकडा नाही. ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला तो उपद्रव वाटला पाहिजे, एवढंच. पण तक्रार आली की वाजवी तेवढी चौकशी करायची सक्ती कौन्सिलवर आहे. आकडा नाही, पण रात्री बारा वाजता दारात येऊन उभा राहणारा माणूस आहे. आपल्याकडे आकडा आहे आणि पालिकेत फोन केला तर पोलिसांकडे जा म्हणतात. पोलिसांकडे गेलं की नाव विचारतात. तक्रारदाराची ओळख बाहेर येऊ न देता कारवाई करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं, ते मी आईला सांगतो.

“कोर्ट मुंबईत हाय,” ती म्हणते. “मंडळ दारात हाय.”

७.३०

पबमध्ये. पिण्यासाठी नव्हे, दुर्दैवानं.

गल्लीच्या कोपऱ्यावरचा हा पब शंभर वर्षं जुना. मागच्या अंगणात बाकं, शुक्रवारी गिटारवाला. शेजारचं गोदाम पाडून तिथं फ्लॅट झाले, आणि नवीन राहायला आलेल्यांनी पहिल्या उन्हाळ्यात खिडक्या उघडल्या. मालकाचं म्हणणं, आम्ही आधी होतो. सगळ्यांनाच हा युक्तिवाद न्याय्य वाटतो, मलाही वाटतो, आणि कायद्यात तो टिकत नाही.

त्यामागची गोष्ट १८७९ ची. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ मोठ्या खलबत्त्यात जिन्नस कुटत होता. पाठीमागे विम्पोल स्ट्रीटवर राहायला आलेल्या डॉक्टरनं आपल्या बागेच्या टोकाला, नेमकं खलबत्त्याच्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली. पेशंटच्या छातीला कान लावला की पलीकडून ठोके. डॉक्टर कोर्टात गेला आणि जिंकला. तू उपद्रवाजवळ आलास, उपद्रव तुझ्याजवळ नाही, हा बचाव कोर्टानं मानला नाही. मात्र त्याच निकालात न्यायाधीशांनी असंही सांगून ठेवलं की श्रीमंत चौकात जो उपद्रव ठरेल तो चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीत ठरेलच असं नाही. गेली दीडशे वर्षं आमचं खातं या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत राहतंय.

२०१८ पासून इंग्लंडच्या नियोजनाच्या धोरणात थोडा उलटा वारा आलाय: जो नवा येतो त्यानं बंदोबस्त करावा, म्हणजे पबशेजारी फ्लॅट बांधणाऱ्यानं जाड काचा आणि हवा खेळती ठेवायची सोय आधीच करावी. या फ्लॅटना परवानगी त्याआधीची. तेव्हा मी मालकाशी स्पीकरचं तोंड भिंतीकडे फिरवण्याबद्दल आणि गिटार साडेनऊला थांबवण्याबद्दल बोलतो. तो फ्लॅटवाल्यांना ज्या विशेषणानं ओळखतो ते इथं देत नाही.

९.४५

रात्रीची फोनलाइन सुरू. रात्रीच्या भेटींना एकट्यानं जात नाहीत. माझी जोडीदार घानाची, बारा वर्षं या कामात, आणि दार कसं वाजवायचं याचं शास्त्र मी तिच्याकडून शिकलो. तीन टकटक, मग दोन पावलं मागे, कार्ड छातीपाशी, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहायचं.

लोकांची एक ठाम समजूत असते की ११ पर्यंत काहीही वाजवायला परवानगी आहे. नाही. दुपारी दोनला वाजवलेला ड्रमही उपद्रव ठरू शकतो. ११ ते ७ ही वेळ १९९६ च्या नॉइज ॲक्टची, आणि आमच्या कामात आकडा येतो तो तिथं: आजूबाजूची शांतता २४ डेसिबल किंवा त्याखाली असेल तर तक्रारदाराच्या घरात ३४ पर्यंत चालतं, शांतता त्याहून गोंगाटी असेल तर तिच्यावर १०. मोजायचं ते तक्रारदाराच्या घरात. म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या झोपायच्या खोलीत.

पहिला पत्ता गाठायला अठरा मिनिटं लागली. गाडी लावून खाली उतरलो तर गल्लीत मांजरसुद्धा नाही. तक्रारदार पायजम्यात, दारात. “आत्ता होता हो! तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि बंद झाला.” आम्ही वीस मिनिटं त्याच्या दिवाणखान्यात बसलो. काही नाही. आमच्या नोकरीतली सर्वांत अवघडलेली वेळ ही: तीन माणसं आवाजाची वाट बघत गप्प बसलेली, आणि घरमालकाला मनापासून वाटतंय की शेजाऱ्यानं आता तरी काहीतरी वाजवावं. त्याचा माझ्यावरचा विश्वास दर मिनिटाला उतरताना दिसतो.

११.१०

हा मात्र खरा. दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतोय.

तक्रार एका नर्सची. सकाळी ७ ला तिची ड्युटी. पलंगाच्या एका कडेला ती, दुसऱ्या कडेला नवरा, दोघं उभेच, आणि पायथ्याशी परकी दोन माणसं वही उघडून. अशा वेळी कुठं बघायचं हे कुणी शिकवत नाही. मी पडद्याकडे बघतो.

ऐकणं म्हणजे नुसतं जोरात आहे का हे बघणं नव्हे. खिडकी उघडी, मग बंद. शब्द कळतात का, की नुसता ठोका? ठोका बारीक असला तरी वाईट, कारण कान पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतो. किती वेळ? किती वेळा? एकदाचा वाढदिवस की दर शुक्रवार? आणि मुख्य म्हणजे साध्या, धडधाकट, फार हळवा नसलेल्या माणसाला हे सोसेल का? तो साधा माणूस कोण, तर तो मी. इचलकरंजीच्या मागाशेजारी झोपलेला माणूस इंग्लंडच्या कायद्यासाठी सरासरी कान म्हणून उभा आहे, याची गंमत मला आजही वाटते. पण कान काळजीपूर्वक वापरतो. मला झोप लागेल का, हा प्रश्न नसतो. इथं लागेल का, हा असतो.

जोडीदारीण मीटर बघते आणि मान हलवते. भरपूर वर.

पार्टीच्या घराचं दार कुणी उघडेना. आत ऐकू कसं येणार. शेवटी बागेच्या कुंपणावरून एका पाहुण्याला खुणावलं. यजमान आला, वय चाळीसच्या आसपास, डोक्यावर कागदी टोपी. आम्ही इशाऱ्याची नोटीस हातात दिली. नोटिशीनंतर किमान दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात, त्यानंतरही आवाज मर्यादेवर राहिला तर घरासाठी कमाल ११० पौंड दंडाची चिठ्ठी. त्यालाही जुमानलं नाही तर दंडाधिकाऱ्याकडून वॉरंट घेऊन स्पीकर उचलून नेता येतात. मी हे दोन वेळा केलंय. घरातली पोरं जिन्यात बसून बघत असतात, ते नको वाटतं.

“माझी चाळिशी आहे,” तो म्हणाला.

“शुभेच्छा,” माझी जोडीदारीण म्हणाली, मनापासून.

गाडीत बसून घड्याळ लावलं. आठव्या मिनिटाला बेस खाली आला. कुणीतरी हुर्यो उडवली, बहुधा आमचीच.

एक वेळचा वाढदिवस इथं संपतो. दर आठवड्याचा असता तर अबेटमेंट नोटीस, म्हणजे उपद्रव थांबवायचा हुकूम, निघाली असती, आणि ती मोडणं हा गुन्हा. नोटिशीवर २१ दिवसांत अपील करता येतं. तक्रारदाराला आमचा निर्णय पटला नाही तर त्यालाही मार्ग आहे, तो स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. पायजमावाल्याला मी तेच सांगून आलो होतो. त्यानं कागद घेतला, वाचला नाही.

१२.४०

सुट्टीवर गेलेल्या घराचा अलार्म. शेजाऱ्यांकडे किल्ली नाही, मालक स्पेनमध्ये, फोन उचलत नाही. चौथ्यांदा उचलला. मेहुणा किल्ली घेऊन निघाला. वाट बघत असताना आणखी एक फोन: वरच्या फ्लॅटमध्ये भांडण, फुटल्याचा आवाज, बाई ओरडतेय. हा आवाज आमच्या कायद्याचा नाही. पोलिसांना ९९९ वर आधी आम्ही फोन केला, मग तक्रारदाराला सांगितलं की यापुढे असं ऐकलंत तर आम्हाला करू नका, तिकडे करा. ती म्हणाली, मला वाटलं कौन्सिल म्हणजे कमी कटकट.

मेहुणा आला. अलार्म बंद झाल्यावर समोरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

रात्री २.००

नोंदवही त्याच रात्री पुरी करायची, सकाळी आठवून लिहिलेलं चालत नाही. वेळ, पत्ता, कोण होतं, काय ऐकलं, मीटरचे आकडे, सही. जोडीदारीण गेली.

फोनवर आईचा व्हॉइस मेसेज, तिकडच्या मध्यरात्रीच्या थोडा आधीचा. हेडफोन लावून पार्किंगमध्येच ऐकला. पंचावन्न सेकंद नुसती धडधड. बेस इतका की शब्द नाहीत, फक्त ठोका, आणि मधूनच काचेचा बारीक किणकिणाट, स्वयंपाकघरातल्या मांडणीचा असावा. शेवटी तिचा आवाज, फोन तोंडाशी धरून: “ऐकलंस काय?”

ऐकलं. सवयीनं घड्याळ बघितलं, सवयीनंच तिला लिहिलं: किती वाजता थांबलं?

तिकडे साडेसहा वाजून गेले होते, ती चहा करत असणार. निळ्या खुणा आल्या, मग उत्तर.

“काय माहीत. मला झोप लागली.”